आधी ईडा-पिडा बाहेर काढा

दिवाळीच्या सुट्या लागायच्या आधी आमच्या महाविद्यालयात एक कार्यशाळा झाली. विषय होता 'आनंदी शिक्षक'. प्रशिक्षक बाहेरून आले होते. माणूस मनमिळाऊ, आवाज गोड, तयारीही चांगली. दहा मिनिटं डोळे मिटून श्वास मोजायला लावले, मग प्रत्येकाच्या हातात एक रंगीत कागद दिला. आज ज्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे अशा तीन गोष्टी लिहायच्या होत्या.

माझ्या शेजारी आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सर बसले होते. नेट झालेले, पीएच.डी. झालेले, आणि तरी गेली नऊ वर्षं दर जूनमध्ये नव्याने मुलाखत देणारे. जितके तास घेतले तितके पैसे. सुट्या लागल्या की पैसे बंद. तेव्हा त्यांचं पाच महिन्यांचं मानधन निघालेलं नव्हतं. मी सहज त्यांच्या कागदाकडे पाहिलं. पहिल्या ओळीवर लिहिलं होतं, 'गाडीत पेट्रोल आहे.' खालच्या दोन ओळी कोऱ्या होत्या.

प्रशिक्षक फिरत फिरत आले, कागदावर नजर टाकली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, अजून शोधा. आनंद आपल्या आतच असतो." सरांनी मान डोलावली आणि पेनाचं टोपण लावलं.

त्या वाक्याचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही. प्रशिक्षकांवर नाही; ते आपलं काम करत होते. राग आला तो या गोष्टीचा, की सुखाबद्दल बोलायची वेळ आली की आपण सगळेच असे आत वळतो. मन शांत ठेवा, अपेक्षा कमी करा, दुसऱ्याशी तुलना करू नका. ऐकायला सगळं बरोबर वाटतं. पण हा सल्ला कोण कोणाला देतं ते पाहिलं, की त्याची दिशा कळते. तो नेहमी वरून खाली येतो. ज्याचा पगार एक तारखेला खात्यात पडतो तो, ज्याचा पडत नाही त्याला, समाधान शिकवतो.

आपल्याकडे तुकोबांचा दाखला लगेच पुढे येतो. ठेविले अनंते तैसेचि रहावे. पण याच तुकोबांच्या चरित्रात सांगतात, की सावकारीतल्या आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. समाधान त्यांनी स्वतःच्या चित्ताला सांगितलं. कुळांना ते समाधानाचा उपदेश करत बसले नाहीत, त्यांच्या डोक्यावरचं कर्ज काढून टाकलं. आपण अभंग पाठ केला आणि कर्जखतं विसरलो.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की सुख कुठून येतं हा प्रश्न निम्म्याहून जास्त सार्वजनिक आहे. माणसाला सुखी कसं व्हावं हे शिकवावं लागत नाही. लहान लेकराला कोण शिकवतं? वाटेतले धोंडे कोणी काढले तर माणूस आपल्या पायाने तिथे पोचतो. ते धोंडे काढणं हे कोणाचं तरी नेमून दिलेलं काम असतं आणि त्या कामाचा जाब विचारता येतो.

नागपूरकराला तर हे नव्याने सांगायची गरज पडू नये. माझं माहेर शहराच्या जुन्या महाल भागातलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे घरात कोणी थांबत नसे. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, म्हणजे ही प्रथा जवळजवळ दीडशे वर्षांची झाली. बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि रंग चढवलेल्या त्या भल्या मोठ्या बाया, पुढे-मागे बडगे म्हणजे पुरुषी पुतळे, ढोल-ताशे, इतवारीत मुंगी शिरायला जागा नाही, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी : "ईडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" खोकला घेऊन जा, ढेकूण-मच्छर घेऊन जा, महागाई घेऊन जा. बडग्यांच्या गळ्यात पाट्या असतात. त्या वर्षी लोकांना जे सलतंय ते त्या पाटीवर येतं. खड्डे असतील, पेपरफुटी असेल, भ्रष्टाचार असेल. काळ्या मारबतीशी भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंची गोष्ट जोडतात, इंग्रजांना मिळाल्याचा लोकांचा राग त्यात आहे असं सांगतात. त्या इतिहासात मी इथे जात नाही. मला महत्त्वाची वाटते ती आरोळी.

त्या गर्दीत एकही माणूस असा नसतो, जो डोळे मिटून म्हणतो की हा खोकला माझ्या मनाचा खेळ आहे. तिथे दुःखाला नाव देतात, त्याला हात-पाय देतात, भर रस्त्यावर आणतात आणि सगळे मिळून वेशीबाहेर नेतात. माझ्या लेकराचा ताप हा माझ्या एकटीचा विषय राहत नाही, तो इतवारीचा होतो. लहानपणी मी मामाच्या घराच्या खिडकीतून पाहायची. आजी, आई आणि शेजारच्या दोन बाया हात जोडून उभ्या. वर्षभर घरात जी गोष्ट कधी मोठ्याने बोलली गेली नाही, ती त्या दिवशी चारचौघांत ओरडून सांगता यायची. आईच्या चेहऱ्यावर नंतर जो मोकळेपणा दिसायचा, तो मी दिवाळीलाही पाहिला नाही.

मारबतीची मर्यादाही मला दिसते. संध्याकाळपर्यंत सगळं जळून जातं आणि दुसऱ्या दिवशी खड्डा तिथेच असतो. ओरडून मन हलकं होतं, खड्डा बुजत नाही. त्यासाठी ओरडणाऱ्याने पुढच्या सोमवारी अर्ज घेऊन कार्यालयात जावं लागतं, आणि तिथे आपण कमी पडतो. पण निदान दुःख कुठे आहे ते ओळखण्यात आपले पूर्वज चुकले नाहीत.

याच शहरात दुसरी एक जागा आहे आणि तिथे हीच गोष्ट फार खोलवर सांगितली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर भदन्त चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना ती दिली. बुद्धाचा विचार दुःखापासून सुरू होतो हे आपण शाळेत शिकतो. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण तृष्णा आहे. बाबासाहेबांना हे असं, एवढंच, मान्य नव्हतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ते हा प्रश्न उघडपणे विचारतात, की जन्मच दुःख असेल तर मग माणसाने करायचं काय? त्यांनी दुःखाचा शोध माणसाच्या मनापुरता ठेवला नाही. माणसं एकमेकांशी कशी वागतात तिथे तो नेला. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसं एकत्र आली की ती आहे, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं आहे. सुखाच्या चर्चेत हे म्हणणं मला सगळ्यांत जास्त उपयोगाचं वाटतं. कोणाला पाणवठ्यावरून हाकललं जात असेल, तर त्याच्या दुःखाचं मूळ त्याच्या तृष्णेत शोधणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे.

दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन पाणी वाटायला जातो. रेल्वेने, एसटीने, ट्रकने माणसं येतात. भाकरी बांधून आणतात. शहरातले लोक ठिकठिकाणी जेवण देतात. परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात, खूप पुस्तकं. दोन वर्षांपूर्वी यवतमाळकडून आलेली एक आजी आमच्या पाण्याच्या टाकीजवळ सावलीत बसली होती. तिने लुगड्याच्या पदराने एकेक पुस्तक पुसलं आणि पुन्हा पिशवीत लावलं. तीन होती. मी विचारलं, आजी, वाचता येतं का? ती म्हणाली, "मले नाई येत बाई. नातू वाचून दाखवते." आणि हसली. दोन रात्री तिने प्रवासात काढल्या होत्या, पायाला चिंध्या बांधलेल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला सुख म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? ते कुठल्या श्वासाच्या व्यायामातून आलेलं नव्हतं. इथे तिला कोणी बाजूला सरक म्हणत नाही, आणि तिचा नातू वाचतो, या दोन गोष्टींतून ते आलं होतं. दोन्ही गोष्टी कोणीतरी लढून मिळवलेल्या आहेत.

आता घरातली गोष्ट सांगते.

आम्ही अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून राहतो. खालचा मजला आमचा. २०२३ च्या सप्टेंबरची २३ तारीख होती, शुक्रवारची रात्र सरून शनिवार उजाडायचा होता. घरात गणपती बसलेले. आठवडाभरापूर्वीच मारबत निघून गेली होती. रात्री विजांचा असा कडकडाट सुरू झाला की झोपणं शक्य नव्हतं. चार तासांत शहरात १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि ते पाणी नाग नदीत मावेना. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला कळलं ते स्वयंपाकघरातल्या मोरीमुळे. मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं, काळं, बुडबुडे येत येत. पाचच मिनिटांत दाराखालूनही आलं. यांनी मेन स्विच बंद केला. अंधारात सासूबाईंनी पहिलं काय केलं, तर गणपती पाटासकट उचलून फ्रिजवर ठेवला. पाणी गुडघ्याच्या वर गेलं तसा फ्रिज हलायला लागला. मग पोराने स्टुलावर चढून गणपती माळ्यावर नेला.

तेवढ्यात जिन्यावर टॉर्च दिसला. वरच्या वहिनी होत्या. गाडी कुठे लावायची यावरून आमचं त्यांच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. त्या चार पायऱ्या पाण्यात उतरल्या, सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "काकू, आधी वर चला. बाकीचं राहू द्या."

उजाडलं तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये तीन घरची अकरा माणसं बसलेली होती. खाली आमचा संसार पाण्यात. मोरभवनच्या बसस्टँडवर बसगाड्या बुडाल्याचे फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर आले. शहरात माणसं दगावल्याचीही बातमी आली. आणि तरी त्या हॉलमध्ये चहा फिरला तेव्हा आम्ही हसलो. गणपतीला या वर्षी माळ्यावरूनच आरती, असं सासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. तो क्षण मला लख्ख आठवतो, कारण त्या घरात आम्ही आठ वर्षं वर-खाली राहत होतो आणि एकत्र चहा पहिल्यांदा झाला होता.

संकट आलं म्हणून माणसं जवळ आली, असं म्हणून मी त्या पुराचं कौतुक करणार नाही. चिखल काढायला दोन आठवडे लागले. लग्नाचे फोटो गेले. भिंतीवर अडीच फुटांवर चिखलाची रेघ होती, तिच्यावर दोनदा रंग मारला, ओल पुन्हा तिथूनच वर येते. आणि सासूबाईंची झोप गेली. त्या आज ७९ वर्षांच्या आहेत. जून लागला की कागदपत्रांची पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर जाते : सात-बारा, पासबुकं, आधार, नातवाचे दाखले. रात्री आभाळ गडगडलं की त्या उठतात आणि टॉर्च घेऊन मोरीच्या जाळीवर उजेड टाकून पाहतात. पाणी वर तर येत नाही ना. एकदा नाही, रात्रीतून चार-चारदा.

डॉक्टरांनी गोळी दिली. नातवाने प्रेमाने मोबाइलवर ध्यानाचं ॲप टाकून दिलं. कानाला लावून त्यांनी महिनाभर ते इमानदारीने केलं. मग एक दिवस इअरफोन काढून त्यांनी विचारलं, "हे बरं आहे. पण त्या नाल्याचं काय केलं त्यायनं?"

सुख म्हणजे काय यावर मी वर्गात बरंच बोलले आहे, पण या प्रश्नाला ओलांडून मला पुढे जाता येत नाही. त्या बाईच्या भीतीचं कारण तिच्या मनात नाही. ते दोन गल्ल्या पलीकडे आहे, त्याला लांबी-रुंदी-खोली आहे, त्यातला गाळ मोजता येतो. पात्र अडवणारी बांधकामं डोळ्यांनी दिसतात. तिथलं काम झालं तर तिला झोप लागेल. म्हणून मी म्हणते, की नाली हा सुखाचा विषय आहे. पगाराची तारीख हा सुखाचा विषय आहे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला गेलेली बाई मे महिन्याच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत घोटभर पाणी प्यायला घाबरते, कारण जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची तिला खात्री नसते. तहान लागली असता पाणी पिणं, एवढं साधं सुख तिच्याकडून काढून घेतलेलं आहे. तिला कृतज्ञतेची वही देऊन काय उपयोग?

यावर हमखास एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. सोयी मिळाल्या म्हणून माणूस सुखी होतो का? घरात कूलर आला, मग एसी आला, आनंद किती दिवस टिकला? माणसाला सुखाची सवय होते हे खरंच आहे. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांचा एक प्रसिद्ध अभ्यास झाला. ही माणसं इतरांपेक्षा फारशी जास्त सुखी आढळली नाहीत. त्याच्या चार वर्षं आधी रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढत गेलं तरी लोक सांगतात ते सुख त्या प्रमाणात वाढत नाही. त्यावर आजही वाद चालू आहे. पण या अभ्यासांची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. नव्या गोष्टींची सवय होते, काही दुःखांची मात्र होत नाही. बेकारीची होत नाही. पैसे गेल्यामुळे जेवढं दुःख व्हावं त्याहून जास्त दुःख नुसतं काम नसल्यामुळे होतं आणि ते बरीच वर्षं पुरतं. जुनाट दुखण्याची होत नाही. रोजच्या लांबच्या प्रवासाची होत नाही. अपमानाची तर अजिबात होत नाही. म्हणजे शहराने, सरकारने, संस्थेने काय करावं याचं उत्तर या संशोधनातच आहे. लोकांना चकचकीत काहीतरी नवं देण्यापेक्षा ज्यांची सवय होत नाही ती दुःखं आधी कमी करावीत. रंगीत कारंजं दोनदा पाहून होतं. कोरडी मोरी रोज रात्री उपयोगी पडते.

आनंद मोजण्याचा जो जागतिक अहवाल दर वर्षी २० मार्चच्या आसपास येतो, त्यातला प्रश्न साधा असतो. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाला शून्य, वर दहा. तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यांत चांगलं आयुष्य वरच्या पायरीवर. तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? २०२५ च्या अहवालात १४७ देशांत आपण ११८ वे होतो, नेपाळ आणि पाकिस्तान आपल्या वर. फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. दर वर्षी आपल्याकडे या क्रमांकावर रागावण्याची पद्धत आहे. मला क्रमांकात फारसा रस नाही. उत्तरांतला फरक समजून घेण्यासाठी ते ज्या गोष्टी पाहतात त्या मात्र वाचण्यासारख्या आहेत : उत्पन्न, निरोगी आयुष्य, निर्णयाचं स्वातंत्र्य, औदार्य, भ्रष्टाचार किती वाटतो, आणि अडचणीत हाक मारावी असं कोणी आहे का. 'मन किती शांत आहे' हा मुद्दा त्यात नाही. २०२५ च्या अहवालात हरवलेल्या पाकिटाचाही मुद्दा होता. पाकीट हरवलं तर अनोळखी माणूस ते परत आणून देईल असं ज्यांना वाटतं, ती माणसं जास्त सुखी असतात.

मी हा प्रश्न द्वितीय वर्षाच्या वर्गात विचारला. बहुतेकांनी नाही म्हटलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील ऑटो चालवतात. एकदा स्टेशनवरून बसलेली सवारी बॅग विसरली. आत कागदपत्रं आणि बायकोचे दागिने. वडिलांनी दोन तास पत्ता शोधून बॅग पोचवली. "पप्पा त्या दिवशी इतके खुश होते मॅडम, घरी येताना पोहे घेऊन आले." मग थोडं थांबून तो म्हणाला, "त्या महिन्याचा गाडीचा हप्ता भरून झालेला होता. बाकी असता तर दोन तास फिरले असते की नाही, माहीत नाही."

हे तो वडिलांना कमीपणा आणायला म्हणत नव्हता. त्याला घर कसं चालतं ते माहीत आहे. चांगलं वागण्यातून मिळणारं सुख हे सगळ्यांत टिकाऊ, असं सगळी संतपरंपरा सांगते आणि मलाही ते पटतं. पण त्या सुखालाही थोडी उसंत लागते. हप्ता थकलेल्या माणसाकडून आपण ती उसंतच हिरावून घेतो आणि वर म्हणतो, की माणुसकी राहिली नाही.

सरकारने आनंदाचं खातं काढावं का, हाही प्रश्न अधूनमधून निघतो. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१६ साली देशातला पहिला आनंद विभाग काढला. भूतानचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी असतं. १९७० च्या दशकात तिथले राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय आनंद मोठा असं म्हटलं, २००८ च्या संविधानात ते आलंही. पण त्याच भूतानमधून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेपाळी भाषा बोलणाऱ्या सुमारे एक लाख लोकांना देश सोडावा लागला आणि त्यांनी नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढली. ती माणसं कोणत्याच आनंदाच्या हिशेबात धरली गेली नाहीत. म्हणून मला आनंदाच्या खात्याची धास्ती वाटते. आनंद मोजायला बसलेली सत्ता रडणाऱ्याला हिशेबातूनच वगळू शकते. त्यापेक्षा तिने दुःख मोजावं. किती घरांत पाणी शिरलं, किती जणांचं मानधन किती महिने थकलं, सरकारी दवाखान्यात बाहेरून आणा म्हणून किती औषधं लिहून दिली. हे आकडे लपवणं कठीण असतं आणि ते शून्यावर आणता येतात. आनंद शंभर टक्के कधीच होणार नाही. जगी सर्वसुखी कोणी नाही हे आपण लहानपणापासून पाठ केलं आहे. पण कोरडी मोरी शंभर टक्के होऊ शकते.

सगळे धोंडे काढल्यावर उरतं ते सुख, असंही मी म्हणत नाही. पोटभर खाऊन, एसीत बसून, कोणाशी न बोलता दिवस काढणारी घरं मी पाहिली आहेत. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात महालातली सगळी माणसं गच्चीवर झोपत. या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा चालत. आता दारं-खिडक्या लावून प्रत्येक खोली वेगळी थंड होते. गच्चीचे दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. त्या गच्च्यांवर कोण शेजारी चालेल आणि कोण नाही हे जात पाहून ठरत असे, आणि सुनांना तिथेही पदर सावरूनच पडावं लागे. पण त्या जागी आपण दुसरं काही उभं केलं का? बसायला बाक, फुकट जाता येईल असं उद्यान, संध्याकाळी बाईमाणसालाही निर्धास्त थांबता येईल असा फुटाळा तलावाचा काठ, पोरांना अभ्यासाला वाचनालय. लेआउट पडतात, प्लॉट विकले जातात, मोकळ्या जागेचा तुकडा कागदावर राहतो आणि पुढे त्यावर काहीतरी उभं राहतं. वरच्या वहिनींशी पहिला चहा प्यायला मला आठ वर्षं आणि एक पूर लागला. आमच्या गल्लीत एक बाक असता तर कदाचित एवढं लागलं नसतं.

तासिकावाल्या सरांचं पुढे काय झालं ते सांगते. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही एक अर्ज लिहिला. कायम नोकरीवाल्या चौदा जणांच्या सह्या झाल्या. चार जणांनी केल्या नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकाच्या घरची गणितं वेगळी. तीन महिने पाठपुरावा करावा लागला, पाच चकरा, दोन स्मरणपत्रं. फेब्रुवारीत थकलेलं मानधन निघालं. सगळं नाही, चार महिन्यांचं.

सर एरवी शेवटची घंटा झाली की धावत सुटायचे, कारण साडेचारला एका शिकवणी वर्गात दुसरं काम आणि रात्री तिसरं. स्टाफरूममध्ये त्यांना डबा खातानासुद्धा मी उभ्यानेच पाहिलं होतं. त्या दिवशी ते समोरच्या ठेल्यावरून सगळ्यांसाठी तर्री-पोहे घेऊन आले, कागदाच्या प्लेटा, वरून कांदा. सगळ्यांना दिल्यावर स्वतःची प्लेट घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. तर्रीने नाकातून पाणी येत होतं तरी सावकाश खात होते. मी घड्याळाकडे पाहिलं, सव्वाचार झाले होते. म्हटलं, सर, क्लासला उशीर होईल.

ते म्हणाले, "आज सुटी टाकली मॅडम. बसू ना जरा."

मग मीही बसले.